रक्ताचा थेंब कोठे जातो? जनुकीय माहितीचे जतन आणि परदेशी जोखीम : एक अभ्यास

वार्षिक अहवालाच्या उत्तरार्धात रुग्णालयाच्या कामाशी निगडित अशा एखाद्या विषयाचा अभ्यास देण्याची आपली प्रथा आहे. यापूर्वी रक्तपेढीचे व्यवस्थापन, जैववैद्यकीय कचरा, निर्धन रुग्ण निधी असे विषय या पानांत येऊन गेले. यंदाचा विषय प्रथमदर्शनी सोलापूरपासून फार लांबचा वाटेल. जनुकीय संशोधनाची माहिती, तिच्यावर असलेली परकीय शक्तींची नजर आणि त्यातून निर्माण होणारा राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न, हे सारे दिल्लीने पाहावयाचे. चादरी-टॉवेलच्या गावातील धर्मादाय रुग्णालयाचा याच्याशी काय संबंध, असे विश्वस्त मंडळाच्या बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलेही. त्या दिवशी आमच्यापाशी समाधानकारक उत्तर नव्हते. अहवाल वर्षात घडलेल्या एका प्रकाराने ते आम्हांस शोधावे लागले. तो प्रकार देणगीदारांपासून व रुग्णांच्या नातेवाइकांपासून दडवून ठेवणे योग्य नव्हे, म्हणून प्रथम तोच नमूद करीत आहोत.

प्रकार कसा लक्षात आला

अंतर्गत हिशेब तपासणीच्या वेळी बालरोग विभागाच्या साठा नोंदवहीत काही छापील कार्डे आढळली. त्यांचे खरेदी बिल नव्हते, पुरवठादाराचे चलन नव्हते, देणगी पावतीही फाडलेली नव्हती. ज्या वस्तूची किंमत कोणीच दिलेली नाही अशी वस्तू रुग्णालयात आली कशी, एवढाच आमचा प्रश्न होता. त्यामागे वैद्यकशास्त्राचे काही ज्ञान नव्हते. चौकशीअंती असे समजले की, ती कार्डे जाड टीपकागदाची असून त्यांवर काढलेल्या वर्तुळांत बालकाच्या रक्ताचे थेंब घेऊन वाळवावयाचे आणि साध्या पाकिटातून परदेशातील प्रयोगशाळेस पाठवावयाचे, अशी एका कंपनीची योजना होती. तपासणी पूर्णपणे विनामूल्य. कुरिअरचा खर्चही कंपनीचाच.

ही योजना आमच्या डॉक्टरांनी का स्वीकारली, हे समजून घेतल्याविना त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. आपल्या भागात मराठी, तेलुगू व कन्नड अशा तिन्ही भाषा बोलणाऱ्या अनेक समाजांत मामाशी अथवा मामेभावाशी मुलीचा विवाह करण्याची जुनी रीत आहे. नात्यातील विवाहात आई व वडील या दोघांकडूनही एकच सदोष जनुक बालकाकडे येण्याचा संभव वाढतो, आणि एरवी क्वचित दिसणारे आजार आपल्या बाह्यरुग्ण विभागात दिसतात. यकृत व पाणथरी वाढलेले, वयाच्या मानाने खुरटलेले, बसू-उभे राहू लागून पुन्हा मागे गेलेले मूल घेऊन आई येते. आजार कोणता हे जनुकीय वा विकरांच्या तपासणीशिवाय कळत नाही. आजाराच्या व तपासणीच्या प्रकारानुसार तिचा खर्च काही हजारांपासून पंचवीस-तीस हजार रुपयांपर्यंत जातो. यंत्रमागावर वा विडीच्या कामावर घर चालविणाऱ्या कुटुंबास तो अशक्य, आणि आमच्या निर्धन रुग्ण निधीत त्यासाठी तरतूद नव्हती. अशा वेळी कोणी फुकट तपासणी देऊ करीत असेल, तर डॉक्टरांनी ती नाकारावी काय?

अशा रीतीने चार बालकांचे नमुने परदेशी गेले. चौघांपैकी तिघांचे निदान झाले, हेही येथे नोंदविले पाहिजे.

त्यानंतर आम्ही संमतीपत्र वाचावयास घेतले. ते अकरा पानांचे, बारीक टाइपातील व संपूर्ण इंग्रजीत होते. त्याच्या आठव्या पानावर असे म्हटले होते की, नमुना आणि त्यातून मिळालेली जनुकीय माहिती कंपनी, तिच्या सहयोगी कंपन्या व भविष्यातील उत्तराधिकारी यांना कोणत्याही देशात, मुदतीच्या मर्यादेविना ठेवता व वापरता येईल. खाली चार ठिकाणी अंगठे वा सह्या होत्या. त्यांपैकी दोन माता केवळ तेलुगू बोलणाऱ्या होत्या. ते पान त्यांना कोणी वाचून दाखविले होते काय, याचे उत्तर विभागात कोणालाही छातीठोकपणे देता आले नाही.

ही माहिती इतर माहितीहून निराळी का

हिशेबाच्या वह्यांत आयुष्य गेलेल्या आम्हांस ही गोष्ट बँकेच्या उदाहरणाने पटली. चेकबुक हरवले तर आपण बँकेस कळवून धनादेश थांबवितो. गुप्त क्रमांक फुटला तर बदलून घेतो. मनुष्याच्या पेशीतील डीएनएमध्ये सुमारे ३०० कोटी अक्षरांचा जो मजकूर असतो तो बदलता येत नाही. एकदा तो बाहेर गेला की त्या व्यक्तीपुरता जन्मभरासाठी गेला.

शिवाय तो तिच्या एकटीचा नसतो. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मा, चुलत-मामे भावंडांत सरासरी एक अष्टमांश मजकूर समान असतो. म्हणजे सही एकीची आणि माहिती साऱ्या भावकीची. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील जुन्या खुनांच्या मालिकेतील आरोपी २०१८ साली पकडला गेला, तेव्हा त्याने स्वतः कोठेही तपासणी केलेली नव्हती. वंशावळ शोधण्याच्या हौसेने दूरच्या नातलगांनी दिलेल्या माहितीवरून पोलीस त्याच्यापर्यंत पोहोचले. तेथे ते न्यायासाठी झाले. पण जी वाट पोलिसांना सापडते ती इतरांनाही सापडू शकते. नाव काढून टाकले की माहिती निनावी झाली, ही समजूतही फारशी टिकणारी नाही. संशोधनासाठी निनावी ठेवलेल्या जनुकीय नोंदींवरून, उघडपणे उपलब्ध वंशावळींच्या साह्याने, काही व्यक्तींची आडनावे हुडकून काढता येतात, असे २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील एका शोधनिबंधाने दाखवून दिले. आपल्याकडे तर पोटजातीतच विवाह होत आल्याने एकेका लहान समाजाची जनुकीय ओळख अधिकच ठसठशीत असते.

राष्ट्रीय सुरक्षेचा संबंध येथे सुरू होतो. अमेरिकेच्या संरक्षण विभागाने डिसेंबर २०१९ मध्ये आपल्या सैनिकांना घरगुती जनुकीय तपासणी संच वापरू नयेत, असा सल्ला दिला. सैनिकाची ओळख, त्याचे नातेसंबंध, त्यास भविष्यात होऊ शकणारा आजार, हे सारे परक्याच्या हाती जाऊ नये हा त्यामागील विचार. आपल्या जिल्ह्यातीलही कितीतरी मुले सैन्यात आहेत. त्यांच्या बहिणीच्या मुलाचा रक्ताचा थेंब आमच्या बालरोग विभागात येतो, हे आम्ही त्यापूर्वी कधी ध्यानात घेतले नव्हते.

एखाद्या वंशाला वा जातीला नेमके लक्ष्य करणारे जैविक अस्त्र तयार होईल, अशीही भीती पुष्कळदा सांगितली जाते. याबाबत आम्ही ज्यांच्याशी बोललो त्या तज्ज्ञांचे व आमचेही मत असे की, यात सध्या तरी तथ्यापेक्षा कल्पनेचा भाग अधिक आहे. मानवसमूह एकमेकांत इतके मिसळलेले आहेत की अशी रेषा आखता येत नाही. खरी जोखीम याहून साधी व अधिक जवळची आहे. ज्याच्यापाशी लाखो लोकांची जनुकीय माहिती साठेल, तोच उद्याची औषधे व तपासण्या तयार करील, त्यांची किंमत ठरवील, आणि वितुष्ट आल्यास पुरवठा थांबवू शकेल. कापूस आपला आणि कापड परक्याचे, हा धडा गिरणगाव म्हणून वाढलेल्या सोलापूरला नव्याने शिकविण्याची आवश्यकता नाही.

यापूर्वी काय घडले

विदेशी साह्याने होणाऱ्या संशोधनाविषयीची शंका आपल्या देशात नवी नाही. दिल्ली परिसरात १९६९ पासून डासांच्या जनुकीय नियंत्रणाचा एक प्रकल्प चालू होता. जागतिक आरोग्य संघटना व भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांच्या या प्रकल्पास पैसा अमेरिकेचा होता. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या स्थलांतरित पक्ष्यांच्या अभ्यासासही अमेरिकी सैन्याच्या एका सर्वेक्षण योजनेतून निधी मिळाला होता. पक्ष्यांच्या पायांत कडी घालणे हे निरुपद्रवी काम. पण कोणता पक्षी कोठून कोठे जातो आणि त्याच्या अंगावर कोणते जंतू असतात, ही माहिती लष्कराला कशासाठी हवी, असा प्रश्न १९७४ मध्ये वृत्तसंस्थेच्या बातमीने उपस्थित केला. संसदेच्या लोकलेखा समितीने एप्रिल १९७५ मधील आपल्या १६७ व्या अहवालात अशा सहकार्यावर कठोर टीका केली आणि त्याच वर्षी डासांचा प्रकल्प गुंडाळला गेला. जैविक युद्धाचा हेतू होता असे सिद्ध झाले नाही, आणि अनेक शास्त्रज्ञांनी त्या संशयाचा इन्कार केला. पण एक गोष्ट मात्र त्या अहवालाने हिशेब तपासनीसाच्या नजरेने पाहिली: पैसा कोणाचा, माहिती कोणाकडे जाते, आणि भारताच्या पदरात काय पडते. आम्हांस तो प्रश्न आजही पुरेसा वाटतो.

ज्या चीनविषयी आज सर्वाधिक चिंता व्यक्त होते, तो देशही प्रथम या व्यवहारात देणाऱ्याच्या बाजूस होता. १९९० च्या दशकात आन्हुई प्रांतातील गरीब शेतकऱ्यांचे रक्त अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधनासाठी घेतले गेले. त्यांना नीट माहिती दिली गेली नव्हती, असा आरोप ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या वृत्तपत्राने डिसेंबर २००० मध्ये सविस्तर मांडला. चीनने १९९८ मध्ये याबाबत तात्पुरते नियम केले होतेच. जुलै २०१९ पासून तेथे कडक नियम लागू झाले आणि परदेशी संस्थांना चिनी नागरिकांचे जनुकीय नमुने स्वतंत्रपणे गोळा करण्यास बंदी झाली. पुढे पारडे फिरले. जुलै २०२१ मध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेने असे वृत्त दिले की, बीजीआय या चिनी कंपनीची गर्भवतींसाठीची रक्ततपासणी किमान ५२ देशांत विकली जाते आणि ती विकसित करताना चिनी सैन्याच्या रुग्णालयांचे सहकार्य होते. गर्भवतींची माहिती सैन्यास दिल्याचा आरोप कंपनीने नाकारला. अमेरिकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये अध्यक्षांचा आदेश काढला आणि ८ एप्रिल २०२५ पासून चीन, रशिया, इराण, उत्तर कोरिया, क्यूबा व व्हेनेझुएला या सहा देशांकडे मोठ्या प्रमाणावर नागरिकांची संवेदनशील माहिती जाण्यास निर्बंध आले. जनुकीय माहितीसाठी ‘मोठे प्रमाण’ म्हणजे किती? तर केवळ शंभरहून अधिक व्यक्ती. आमच्या बालरोग विभागातून दोन-तीन वर्षांत तेवढे नमुने सहज जाऊ शकतात.

चीनचे नाव आले म्हणून एक खुलासा करणे आमचे कर्तव्य आहे. सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, युद्धातील जखमींवर शस्त्रक्रिया करीत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच निवर्तले. त्यांचे स्मारक आपल्या शहरात आहे. ज्या गावाने असा डॉक्टर परदेशी पाठविला, त्या गावातील रुग्णालयास कोणत्याही देशातील माणसाविषयी आकस ठेवणे शोभणारे नाही. येथे विषय कागदपत्रांचा आहे.

परदेशी सहकार्य मुळातच त्याज्य, असेही आमचे म्हणणे नाही. आपल्याच जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तेथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र व फ्रान्समधील लिऑं येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तत्कालीन उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची मोठी पाहणी केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया तिच्यात होत्या. एप्रिल २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, विषाणूची एकच तपासणी केलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी झाले. तपासणी न केलेल्या तुलनेच्या गटाबद्दल पुढे नैतिक प्रश्नही उपस्थित झाले, ते विसरता येणार नाहीत. परंतु आपल्या खेड्यांतील स्त्रियांनी दिलेल्या माहितीचा उपयोग जगभरातील स्त्रियांस झाला, आणि त्या कामात स्थानिक संस्था मानाने सहभागी होत्या. पाकिटात घालून पाठविलेल्या कार्डास असा मान नसतो.

दोन दारे

या अभ्यासात आम्हांस सर्वांत अधिक आश्चर्य वाटलेली बाब आता सांगतो. परदेशी संस्थेच्या सहकार्याने आरोग्यविषयक संशोधन करावयाचे असेल, तर संस्थेच्या नीतिमत्ता समितीबरोबरच आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी आवश्यक असते. तिचे काम भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेमार्फत चालते. मानवी नमुन्यांच्या देवाणघेवाणीविषयी शासनाने १९९७ मध्येच मार्गदर्शक तत्त्वे काढली. थोडक्यात, संशोधनाच्या दारावर पहारेकरी आहे. मात्र तपासणीसाठी नमुना पाठविण्याचे दार वेगळे आहे. विदेश व्यापार महासंचालनालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये प्रयोगशाळांना व्यापारी तपासणीसाठी मानवी नमुन्यांची आयात-निर्यात पूर्वपरवानगीविना, हमीपत्रावर करण्याची मुभा दिली. व्यवसाय सुलभ व्हावा हा हेतू होता आणि रुग्णांना त्याचा लाभही झाला. परंतु एका दाराने ‘तपासणी’ म्हणून गेलेला थेंब पलीकडे पोहोचल्यावर आठव्या पानावरील वाक्याच्या आधारे ‘संशोधन’ होऊन बसतो, ही फट त्यातून राहिली. चार कार्डे याच फटीतून गेली.

कायद्याचे पाठबळ किती, तेही आम्ही तपासले. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये सुचविलेल्या मसुद्यात जनुकीय माहितीस ‘संवेदनशील’ असा वेगळा दर्जा होता. ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेल्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण अधिनियमात अशी वेगळी वर्गवारी नाही. रक्तातील मजकूर व मोबाइलचा क्रमांक एकाच तराजूत. परदेशी माहिती पाठविण्यास, केंद्र शासन ज्या देशांवर निर्बंध घालील ते देश वगळता, या कायद्याची मनाई नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून रुग्णालयांवरील मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत. गर्भलिंग निदानाबाबत मात्र कायदा कडक आहे. त्या बाबतीत महाराष्ट्राने १९८८ साली देशात प्रथम कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला, आणि आज सोनोग्राफीच्या ‘एफ’ फॉर्ममधील एक रकाना कोरा राहिला तरी केंद्राला टाळे लागू शकते. त्या फॉर्मचा आम्हांस पुष्कळ त्रास झाला, हे लपवीत नाही. पण नोंद ठेवण्याची शिस्त त्यानेच लावली. जनुकीय नमुन्यास मात्र असा एकही फॉर्म नाही.

सरकारी पातळीवरील एक प्रयत्न आवर्जून सांगण्यासारखा आहे. जैवतंत्रज्ञान विभागाच्या ‘जिनोम इंडिया’ प्रकल्पात देशातील विविध समाजांतील दहा हजार व्यक्तींचे संपूर्ण जनुकीय वाचन करण्यात आले. ९ जानेवारी २०२५ रोजी ही माहिती संशोधकांना खुली झाली, परंतु ती फरिदाबाद येथील भारतीय जैविक विदा केंद्रात राहते आणि ठरविलेल्या पद्धतीने अर्ज करणाऱ्यासच मिळते. माहिती उपयोगात यावी आणि किल्ली आपल्या हाती राहावी, असा हा मार्ग आहे.

परक्याच्या आधी घरचे

परदेशी जोखमीविषयी लिहिताना स्वतःच्या घराकडे पाहणे भाग पडले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सायबर हल्ला झाला, तेव्हा पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि देशातील अग्रगण्य रुग्णालयास कित्येक दिवस हाताने केसपेपर लिहावे लागले. तेथे असे होते, तर आमचे काय? आमच्या प्रयोगशाळेतील संगणकाचा गुप्त शब्द पडद्याच्या कडेला चिकटविलेल्या चिठ्ठीवर होता. रुग्णांचे अहवाल कर्मचाऱ्यांच्या खासगी मोबाइलवरून व्हॉट्सॲपने नावासह जात होते. भंगारात देण्यासाठी बाजूला काढलेल्या एका संगणकात तीन वर्षांचे वंशावळ-तक्ते तसेच होते. ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढण्यापूर्वी सापडले, हा केवळ योग. परकीय हेरास एवढे कष्ट घेण्याची गरजच नव्हती.

आणखी एक गोष्ट आम्हांस त्या कुटुंबांनी शिकविली. चौघांपैकी तिघांना बोलावून, आई-वडिलांना त्यांच्या भाषेत, आठव्या पानाचा अर्थ समजावून सांगितला आणि रुग्णालयाच्या वतीने दिलगिरी व्यक्त केली. एक माता म्हणाली, “साहेब, लेकराचं दुखणं काय ते कळलं, आमाला बास झालं. तिकडं ते रगात घेऊन काय करतील?” दुसऱ्या मुलाचे वडील मात्र बराच वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी एवढेच विचारले की, हे आमच्या समाजात कोणाला कळणार नाही ना, माझ्या भावाच्या दोन मुली लग्नाच्या आहेत. परदेशाचे त्यांना भय नव्हते, गल्लीचे होते. राष्ट्रीय सुरक्षेचे लेख वाचून आम्ही ज्या शब्दांत बोलावयास गेलो होतो, ते शब्द त्या खोलीत निरुपयोगी ठरले. कुलूप मात्र दोन्ही भयांसाठी एकच लागते, आणि ते आमच्याकडे नव्हते.

केलेली व्यवस्था

कंपनीस आम्ही नोंदणीकृत पत्र पाठवून नमुने व माहिती दोन्ही नष्ट करण्याची विनंती केली. दोन स्मरणपत्रांनंतर नमुने नष्ट केल्याचे उत्तर आले. माहितीविषयी त्या उत्तरात एक अक्षर नाही. ती योजना रुग्णालयाने बंद केली. विश्वस्त मंडळात या निर्णयावर मतभेद झाले. फुकट मिळणारे निदान आपण कोणत्या अधिकाराने बंद करतो, असा आक्षेप एका विश्वस्तांनी घेतला. तो आक्षेप आजही आम्हांस निरुत्तर करतो, कारण योजना बंद झाल्यावर आलेल्या दोन बालकांची तपासणी पैशाअभावी कित्येक आठवडे लांबली. शेवटी एकाची व्यवस्था हैदराबाद येथे झाली. तेथील डीएनए फिंगरप्रिंटिंग व निदान केंद्र दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणाखालील उत्कृष्टता केंद्रांत निम्स रुग्णालयासह समाविष्ट आहे, रेल्वेने एका रात्रीचा प्रवास आहे, आणि तेलुगू भाषक मातेस तेथे दुभाष्याची गरज लागत नाही. दुसऱ्या बालकास त्याच धोरणाखालील मुंबईच्या केईएम रुग्णालयाकडे पाठविले. ही सोय आम्हांस आधी ठाऊक असती, तर कार्डांची वाट धरावीच लागली नसती.

आता कोणताही जनुकीय नमुना वैद्यकीय अधीक्षकांच्या सहीशिवाय रुग्णालयाबाहेर जात नाही. नमुन्यावर नावाऐवजी क्रमांक असतो. क्रमांक व नाव यांची जुळणी असलेली वही कुलपात असून तिची किल्ली अभिलेख विभागाकडे आहे. संमतीपत्र दोन पानांचे, मराठी, तेलुगू व कन्नड भाषांत तयार केले आहे. त्यात नमुना कोणत्या गावी, कोणत्या देशात जाणार, किती दिवस राहणार आणि तपासणीनंतर त्याचे काय होणार हे ठळक अक्षरांत आहे, आणि संशोधनासाठी वेगळी सही आहे. ती न दिल्यास उपचारात काही फरक पडत नाही, हे वाचून दाखविणाऱ्याने स्वतः सही करून नोंदवावयाचे आहे. देशातील प्रयोगशाळेशी करार करतानाही तिने नमुना पुढे परदेशी पाठवू नये, असे कलम घालण्याचा आग्रह आम्ही धरतो. एका प्रयोगशाळेने ते मान्य केले, दुसरीने नाकारले, तिसरीचे उत्तर अद्याप नाही. अहवाल व्हॉट्सॲपवर पाठविणे बंद केल्याने नातेवाइकांची गैरसोय झाली व तक्रारीही आल्या. त्या रास्त आहेत, पण तूर्त अहवाल खिडकीवरच मिळेल.

निर्धन बालकांच्या जनुकीय तपासणीसाठी विश्वस्त मंडळाने स्वतंत्र निधी उघडला असून त्याचा हिशेब ताळेबंदात वेगळा दाखविला आहे. त्यातून केवळ देशांतर्गत तपासण्यांचा खर्च केला जाईल.

चौथ्या बालकाचे निदान झाले नव्हते. त्याच्या कुटुंबास पाठविलेले पत्र ‘पत्त्यावर राहत नाहीत’ या शेऱ्यासह परत आले. शेजाऱ्यांच्या सांगण्यानुसार ते यंत्रमागाच्या कामासाठी भिवंडीस गेले असावेत. तेथे चौकशी चालू आहे. आमच्या रुग्णालयामार्फत ज्या कुटुंबांनी यापूर्वी जनुकीय तपासणी करून घेतली असेल, त्यांनी आपल्या संमतीपत्राची प्रत अभिलेख विभागातून, रविवार सोडून कोणत्याही दिवशी दुपारी दोन ते पाच या वेळेत, विनाशुल्क मागून घ्यावी. वाचून दाखविण्यासाठी तिन्ही भाषा जाणणारे कर्मचारी उपस्थित असतात.